उजनीचा कांठ आणि आमची बादली

पुण्याहून सोलापूरच्या सडकेनें सुमारें १०० किलोमीटर गेलें म्हणजे भिगवण लागतें. तेथून थोड्या अंतरावर, कुंभारगांवाशीं, भीमेचें पाणी एकाएकीं समुद्रासारखें पसरलेलें दिसतें. १९८० सालीं पूर्ण झालेल्या उजनी धरणाचा हा फुगवटा. हिंवाळ्यांत येथें रोहित पक्षी उतरतात. ती शोभा मुलांना दाखवावी म्हणून गेल्या पौषांत आम्ही सहकुटुंब निघालों. मोटारींत फराळाच्या डब्यांशेजारीं झांकण घातलेली एक बादली होती; तिची हकीकत प्रथम सांगितली पाहिजे.

तीन वर्षांपूर्वीं बाळूच्या हट्टास्तव घरांत मासे पाळण्याची कांचेची पेटी आली. कांचेवरील शेवाळ खाऊन ती स्वच्छ ठेवील असें सांगून दुकानदारानें बोटाएवढा एक काळसर मासा दिला. बाजारांत त्यास 'सकर' म्हणतात. हा सफाईचा गडी पाहतां पाहतां फूटभर वाढला आणि पेटींत मावेनासा झाला. त्यास मारण्याची कल्पनाही घरांत कोणास सहन होण्यासारखी नव्हती. अखेर वहिनींनीं तोड काढली, "एवढें मोठें धरण आहे, सोडा बिचाऱ्याला तेथें. मुक्या जिवाला मोकळें केल्याचें पुण्य तरी लागेल." आम्हां सर्वांस तें पटलें.

होडींतून रोहित मनसोक्त पाहिले. उथळ पाण्यांत माना घालून चरणारी ती पांढरी-गुलाबी रांग पाहून मुलें हरखून गेलीं. परत कांठाला आलों, तों एक वृद्ध नावाडी जाळें सोडवीत बसले होते. बाळू एकदम ओरडला, "काका, हा तर आपलाच मासा!"

खरोखरच तसे पांच-सहा मासे जाळ्यांत अडकले होते. अंगावर हाडांच्या कठीण पट्ट्यांचें चिलखत आणि परांना कांटे. नावाडीबाबा म्हणाले, "ह्येला कुनी इकत घेत न्हाई, साहेब. खायाच्या कामाचा न्हाई, जाळं मातुर फाडतुया." त्यांनीं एक मासा वाळूवर टाकला. आमचा फराळ आटोपला तरी तो हालतच होता!

हा मासा मूळचा दक्षिण अमेरिकेंतील नद्यांचा. पाण्यांत प्राणवायु कमी पडला तर तो हवा गिळून जठराच्या द्वारें श्वास घेतो. म्हणूनच घाण पाण्यांतही तो तग धरतो. अंड्यांसाठीं नर कांठांत बिळें खणतो आणि त्यांची राखणही करतो. असे पाहुणे अन्यत्रही आढळले आहेत. २०१८ च्या महापुरानंतर केरळांत अमेझॉन नदींतील अरापैमा सांपडला. मे २०२३ मध्यें श्रीनगरच्या दल सरोवरांत सुसरीसारख्या जबड्याचा, उत्तर अमेरिकेंतील 'अॅलिगेटर गार' निघाला. हे कांहीं समुद्र पोहून आले नाहींत. माणसाच्याच हौसेनें ते या देशांत आले.

येथील चिलापी तरी कोठें देशी आहे, असें कोणी म्हणेल. खरें आहे, ती आफ्रिकेची, आणि तिनेंही देशी माशांची जागा व्यापली. परंतु निदान ती भिगवणच्या बाजारांत विकली जाते व तिच्यावर कित्येकांच्या चुली पेटतात. सकर मात्र घेतो तेवढें, देत कांहींच नाहीं.

वहिनींनीं हलकेच विचारलें, "बाबा, नवें जाळें केवढ्याला पडतें?" बाबांनीं आंकडा सांगितला आणि वहिनी गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "बादली मोटारींत ठेवा."

"पुण्यांत नदींतच सोडूं कीं," दादा म्हणाले. त्यावर बाळूनें शाळेंतलें भूगोलाचें ज्ञान पुढें केलें, "पण बाबा, मुळा-मुठा भीमेलाच मिळते ना? म्हणजे मासा पुन्हा इथेंच येणार!"

यावर कोणापाशींही उत्तर नव्हतें. दुसऱ्या दिवशीं मासा दुकानदाराकडे परत नेला. त्यानें कुरकुरत कां होईना, ठेवून घेतला. तेव्हां वाचकहो, आपल्या घरींही कांचेची पेटी असेल, तर नकोसा झालेला मासा दुकानदारास परत करा किंवा दुसऱ्या हौशी गृहस्थास द्या. नदी, तळें वा ओढा, कोठेंही सोडूं नका. आमच्या पुण्याची किंमत त्या वृद्ध नावाड्यास फाटक्या जाळ्यानें मोजावी लागली असती, हें आम्हांस वेळींच कळलें, एवढेंच आमचें भाग्य.