मीरा कोण?

बाबांच्या निधनानंतर त्यांची लोखंडी पेटी आम्ही कित्येक वर्षे उघडलीच नव्हती. ऑगस्ट 2021 मध्ये आमच्याच यवतमाळ जिल्ह्यातील फुलसावंगीची बातमी आली. वेल्डिंगची कामे करणाऱ्या एका तरुणाने स्वतः हेलिकॉप्टर बनविले होते आणि त्याची चाचणी घेताना पात्याचा घाव डोक्यावर बसून तो दगावला होता. बातमी वाचली आणि मला बाबा आठवले. त्या रात्री मी पेटी उघडली.

आत पाने, पक्कड आणि वर्तमानपत्राचे एक पिवळे पडलेले कात्रण होते. त्यावर एका चिमुकल्या मोटारीचे चित्र. मथळा फाटून गेलेला. मात्र कडेला बाबांच्या अक्षरात पेन्सिलीने लिहिले होते : ‘मीरा, इचलकरंजी.’

“ही मीरा कोण रे?” आईने विचारले. आमच्या नात्यागोत्यात त्या नावाचे कोणीही नव्हते.

उलगडा झाला तो कापसामुळे. आमच्याकडे कापूस पिकतो, इचलकरंजीत माग चालतात. तिकडचे एक वयस्कर व्यापारी ओळखीचे होते. कात्रण पाहताच ते म्हणाले, “अहो, ही आमच्या शंकरराव कुलकर्ण्यांची मीरा!”

मीरा हे त्या मोटारीचेच नाव होते. शंकररावांनी तिचा पहिला नमुना 1949 साली तयार केला. दोन माणसे बसतील एवढी ती लहान होती. पुढे 1970 पर्यंत त्यांनी सुधारित नमुने केले. इंजिन मागच्या बाजूला. धक्के सोसण्यासाठी पोलादी पाट्यांऐवजी रबर. सुमारे बारा हजार रुपयांत ही गाडी सामान्य माणसाला मिळावी, असा त्यांचा हिशेब होता. परंतु तिचा कारखाना कधी उभा राहिला नाही. स्वस्त, लहान मोटार रस्त्यावर आली ती डिसेंबर 1983 मध्ये, आणि तिचे नाव मारुती होते.

हे ऐकताना माझी मान खाली गेली. बाबा एस. टी.च्या आगारात मेकॅनिक होते. मी सातवीत असताना त्यांनी परसातल्या कडुलिंबाखाली लोखंडी अँगल जोडून एक सांगाडा उभा केला होता. जुन्या स्कूटरचे इंजिन बसवायचे होते. आम्ही भावंडे मित्रांसमोर लाजायचो. त्या सांगाड्याला आम्ही नाव ठेवले होते ‘बाबांची खाट’. बाबा हसायचे, उलट कधी बोलले नाहीत. दोन पावसाळ्यांनंतर त्यांनी तो भंगारवाल्याला देऊन टाकला.

कात्रण पुन्हा उजेडात धरले. पाठीमागे इंचांत मापे होती : लांबी, रुंदी, चाकांमधले अंतर. ती मापे त्या खाटेचीच होती.

शंकररावांनी आपल्या गाडीला घरच्या मुलीला ठेवावे तसे नाव दिले. बाबांच्या गाडीला मात्र नाव मिळाले ते आमच्या थट्टेतून. अपुऱ्या राहिलेल्या कामाला हसणे किती सोपे असते! त्यामागची रात्रंदिवसाची मेहनत हसणाऱ्याला दिसत नाही.

ते कात्रण आता चौकटीत बसवून बैठकीत लावले आहे. परवा नातवाने विचारले, “आजोबा, ही कुणाची गाडी?” मी त्याला मीराची हकिकत सांगितली. मग त्याचा हात धरून परसात नेले आणि कडुलिंबाखालची ती जागा दाखविली.