दूधबावीच्या वाटेवर

मालवणच्या धक्क्यावरून सिंधुदुर्ग अगदी हाकेच्या अंतरावर वाटतो. कुरटे बेटावर शिवरायांनी १६६४ साली त्याच्या बांधकामाला आरंभ केला. आमची होडी ऐटीत निघाली. पण खडकांपाशी तांडेलांनी वेग उतरवला आणि यंत्र धापा टाकू लागले. दोन आचके देऊन बंदच पडले! लाट आम्हांला खडकाकडे लोटू लागली. पोराने चपळाईने नांगर सोडला.

"प्लग गेला का हो, काका?"

काकांनी प्लग काढून पाहिला. तो कोरडा, ठीक होता. मग त्यांनी कार्बुरेटरची वाटी उघडली. पेट्रोलखाली पाण्याचे टपोरे थेंब!

"पावसाळाभर टाकी अर्धी रवली. तिका घाम फुटता नि पाणी तळाक बसता."

जोरात धावताना पेट्रोलला मोठी वाट असते. मंद चालीत ते केसाएवढ्या छिद्रातून येते. तिथेच मळ अडकला होता. काकांनी फुंकर मारून छिद्र मोकळे केले, टाकीतले पेट्रोल डब्यात काढून ताजे भरले. यंत्र संथ गुणगुणू लागले आणि होडी अलगद महाद्वाराशी टेकली.

किल्ल्यात दूधबावीचे गोड पाणी प्यालो. भोवती खारा समुद्र, मध्ये हे अमृत! मघाशी चार थेंबांनी घात केला होता. आता ओंजळभर पाण्याने जीव शांत झाला.