शंभर उंबऱ्यांचा मेअर

पत्र पहिलं : गेरे, क्रूझ

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

फ्रान्समधल्या खेड्यांचा कारभार कसा चालतो, असं तुम्ही विचारलं होतंत. क्रूझ हा त्यासाठी अगदी योग्य जिल्हा आहे. इथं जेमतेम 1 लाख 15 हजार लोक राहतात आणि कम्यून आहेत अडीचशेच्या आसपास. म्हणजे सरासरी साडेचारशे माणसांमागे एक मेअर, एक निवडून आलेलं मंडळ, एक अंदाजपत्रक आणि दारावर तिरंगा लावलेली एक कचेरी. सबंध देशात असे सुमारे 35 हजार कम्यून आहेत आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिकांची वस्ती पाचशेच्या आत आहे. बाहेरून पाहणाऱ्याला हा उधळेपणा वाटतो. माझं मत वेगळं आहे. कामं मोठ्या पातळीवर एकत्र करावीत, पण निर्णयाखालची सही गावाकडेच ठेवावी, हा विचार या पसाऱ्यामागे आहे आणि तो बऱ्याच अंशी बरोबर आहे. कुठं चुकतो, तेही पुढं लिहीनच.

आधी उतरंड सांगते. वर रीजन, त्याखाली देपार्तमां म्हणजे आपला जिल्हा, त्याखाली आरोंदिसमां, मग कांतों आणि तळाला कम्यून. नकाशावर ही पाचही नावं एकाच जातीची वाटतात, पण तशी ती नाहीत. आरोंदिसमां म्हणजे उपप्रीफेक्टचं कार्यक्षेत्र; आपल्या प्रांताधिकाऱ्याच्या उपविभागासारखं, सरकारनं स्वतःच्या सोयीसाठी आखलेलं. त्याला ना निवडून आलेली सभा, ना स्वतःची तिजोरी. कांतों हा आता मुख्यतः मतदारसंघ उरला आहे. 2015 पासून प्रत्येक कांतोंमधून एक स्त्री आणि एक पुरुष अशी जोडी जिल्हासभेवर निवडून जाते. याच वेळी कांतोंची संख्या निम्म्यावर आणली गेली आणि गावांत फारसं काही बदललं नाही. कम्यूनच्या सीमेला हात लावायचा म्हटलं की मात्र गाव उठतं. कारण कम्यून कायद्यानं स्वतंत्र व्यक्ती आहे. तो जमीन विकत घेतो, कोर्टात जातो, कर ठरवतो आणि केलेल्या कामाची जबाबदारी घेतो.

हे व्यक्तित्व जुनं आहे. 14 डिसेंबर 1789 च्या निर्णयानं चर्चच्या जुन्या पॅरिशांमधून हे कम्यून जन्माला आले. 1792 मध्ये जन्म, विवाह आणि मृत्यू यांची नोंदवही धर्मगुरूच्या हातून काढून कम्यूनच्या कचेरीत आणली. आजही फ्रान्समध्ये कायदेशीर लग्न मेअरसमोरच लागतं. चर्चमधला विधी ज्यानं-त्यानं हवा तर करावा. मेअर बराच काळ सरकार नेमत असे. 1884 च्या कायद्यानं आजची चौकट पक्की केली : लोकांनी मंडळ निवडायचं आणि मंडळानं मेअर. हा मेअर एकाच वेळी गावाचा पुढारी असतो आणि राज्यसंस्थेचा गावातला प्रतिनिधीही.

कम्यूनच्याही पोटात आणखी एक घर आहे. मध्य फ्रान्सच्या डोंगराळ भागात ‘सेक्सियों’ नावाचे हजारो विभाग आहेत. एखाद्या वाडीच्या मालकीचं कुरण किंवा जंगल क्रांतीच्याही आधीपासून चालत आलेलं असतं. त्यावर सगळ्या कम्यूनचा हक्क नसतो, फक्त त्या वाडीत राहणाऱ्यांचा असतो. चराई मिळते, सरपण मिळतं. 2013 च्या कायद्यानं मात्र या हक्कातून कुणाला रोख उत्पन्न घेता येणार नाही, असं ठरवलं. वाडी सोडून शहरात गेलेल्याचा हक्क संपतो. हक्क रक्ताला चिकटत नाही, राहण्याला चिकटतो. कम्यूनचं मूळ तत्त्वही हेच आहे.

याच जिल्ह्यातल्या जांतियूचं युद्धस्मारक बघण्यासारखं आहे. पहिल्या महायुद्धाची स्मारकं फ्रान्सच्या गावोगाव आहेत आणि अनेकांवर सैनिक असतो किंवा फ्रान्सचं प्रतीक असलेला कोंबडा. जांतियूच्या स्मारकावर शाळेच्या झग्यातला एक पोरका मुलगा आहे. एका हातात टोपी आणि दुसऱ्या हाताची मूठ मृतांच्या यादीकडे रोखलेली. खाली कोरलं आहे : ‘युद्ध शापित असो’. सरकारी अधिकाऱ्यांनी कित्येक वर्षं त्याचं औपचारिक उद्घाटन टाळलं, पण ते पाडता काही आलं नाही. स्मारक कसं असावं हे गावाच्या मंडळानं ठरवलं होतं आणि तो त्याचा अधिकार होता. गाव एखाद्या मोठ्या नगरपालिकेचा वॉर्ड असतं, तर हा मुलगा तिथं उभा राहिला असता असं मला वाटत नाही.

पत्र दुसरं : व्हेर्दं

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मिळालं. स्मारकावरचा तो मुलगा ठीक आहे, असं तुम्ही म्हणता. पण गटारं, पाणी आणि कचरा हे प्रश्न पुतळ्यांनी सुटत नाहीत. शेजारच्या देशांनी केलं तसं विलीनीकरण फ्रान्सनं का करू नये? आक्षेप वजनदार आहे. बेल्जियमनं 1977 मध्ये 2359 कम्यूनचे 596 केले. स्वीडननं तर अडीच हजारांच्या आसपास असलेली संख्या पावणेतीनशेपर्यंत खाली आणली. फ्रान्सनंही 1971 मध्ये कायदा करून विलीनीकरणाला जोर लावला होता. हाती आलं ते इतकंच, की सुमारे 1300 कम्यून कमी झाले आणि त्यांतलेही काही पुढं पुन्हा वेगळे झाले.

यातून फ्रेंच हट्टी आहेत एवढंच सिद्ध होतं, असं कुणी म्हणेल. हट्ट किती टोकाला जातो, हे बघायला व्हेर्दंइतकी दुसरी जागा नाही. 1916 च्या लढाईत इथली नऊ गावं जमीनदोस्त झाली आणि त्यांतली सहा पुन्हा कधीच वसली नाहीत. तिथली लोकसंख्या शून्य आहे. तरी ती कम्यून म्हणून जिवंत आहेत. प्रत्येकाला तीन जणांचं मंडळ आहे आणि मेअर आहे. मतदारच नसल्यामुळं त्यांना प्रीफेक्ट, म्हणजे सरकारचा जिल्ह्यातला प्रतिनिधी, नेमतो. फ्लरी-दव्हां-दुओमों हे त्यांतलं एक. युद्धाआधी इथं चारशेच्या वर माणसं राहत होती. त्या उन्हाळ्यात हे गाव सोळा वेळा एका सैन्याकडून दुसऱ्याकडं गेलं. आता सगळीकडे तोफगोळ्यांचे खड्डे आहेत, गवतानं मऊ झालेले, आणि त्यांच्यामधून पायवाटा. वाटांच्या कडेला छोट्या खुणा आहेत : इथं बेकरी होती, इथं शाळा, इथं शेतकऱ्याचं घर.

कारभाराच्या हिशेबानं हा शुद्ध अतिरेक आहे आणि तो मी नाकारत नाही. पण यातला एक भाग विचार करण्यासारखा आहे. 1919 मध्ये या गावांना श्रद्धांजली कशी द्यायची, हा प्रश्न देशापुढं होता. केवळ स्मारक बांधून काम भागलं असतं. त्यांनी गावांचं कायदेशीर व्यक्तित्व राखलं. गाव हे फक्त सेवा पुरवण्याचं एकक असतं, तर माणसं गेल्यावर राखण्याजोगं काही उरलंच नसतं. कम्यूनकडे इथं सेवाकेंद्र म्हणून कधी बघितलंच गेलं नाही, याचा हा सर्वांत टोकाचा पुरावा आहे.

गटारांचं उत्तर त्यांनी दुसरीकडे शोधलं. 1999 च्या कायद्यानं कम्यूनच्या संघांना एकसारखी चौकट दिली आणि 2015 च्या कायद्यानं संघ साधारण 15 हजार लोकांपेक्षा लहान नसावा असं ठरवलं. डोंगराळ आणि विरळ वस्तीला सवलत आहे. आज देशात असे साडेबाराशेच्या आसपास संघ आहेत. कचरा, आर्थिक विकास, बऱ्याच ठिकाणी पाणीही संघाकडं आहे. संघ कर बसवू शकतो, पण कायद्यानं तो कम्यूनच्या दर्जाचा नाही. तो कम्यूननी मिळून उभी केलेली संस्था आहे. आपल्याकडच्या गट ग्रामपंचायतीत नेमकं उलटं होतं. तिथं दोन-चार गावांची मिळून एकच पंचायत असते. महसुली नोंदीत गावाचं नाव राहतं, पण त्याला स्वतःची सभा नसते. इथं सभा प्रत्येकाची आणि कचऱ्याची गाडी सगळ्यांची.

पत्र तिसरं : बोप्रेओ

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

मुद्दाम या भागातून लिहिते आहे, कारण माझ्या म्हणण्याच्या विरोधातला सर्वांत चांगला पुरावा इथं आहे. 2010 च्या कायद्यानं ‘नवा कम्यून’ ही सोय केली. गावांनी आपण होऊन एकत्र यायचं. जुन्या गावाचं नाव राहतं, कचेरी राहते आणि दुय्यम दर्जाचा मेअरही राहू शकतो. 2015 मध्ये अनुदानाची लालूच वाढली आणि लवार नदीच्या दक्षिणेकडच्या या मोज भागात 64 कम्यूनचे 6 झाले. म्हणजे फ्रेंच गावं विलीन होतच नाहीत, हे खरं नाही. वरून ढकललं की ती अडतात. नाव आणि दार शाबूत राहिलं की चालायला लागतात. माझा मुद्दा यानं पडत नाही, उलट नेमका होतो. गावाला लहान राहण्याचा सोस नाही. आपण कुणाच्या हाताखाली जातो आहोत, हे आपण ठरवावं, एवढंच त्याचं म्हणणं असतं.

खर्चाचा आक्षेप वाटतो तेवढा टिकत नाही. देशात सुमारे 5 लाख स्थानिक सदस्य आहेत, पण लहान गावातल्या सदस्याला सहसा काहीच मानधन नसतं. मेअरला कायद्यानं ठरलेला भत्ता मिळतो. कचेरीची चिटणीस बाई बरेचदा दोन-तीन गावांत वाटून काम करते. पैसा खातात ते एकावर एक चढलेले थर, तळाचा थर नव्हे. राजकीय आक्षेप अधिक खरा आहे. सिनेटचे सभासद निवडणारे बहुतेक मतदार कम्यूनचे प्रतिनिधी असतात आणि कितीही छोट्या कम्यूनला किमान एक मत असतंच. शहरांपेक्षा खेड्यांचं पारडं त्यामुळं जड होतं आणि कम्यूनच्या मुळावर येणारा कायदा सिनेटमध्ये अडकतो. कम्यून टिकले त्यात तत्त्व आहे तसा स्वार्थही आहे, हे मान्यच करायला हवं.

तरीही 2018 चा हिवाळा आठवून बघा. पिवळ्या जाकिटांचं आंदोलन पेटलं, तेव्हा ग्रामीण मेअरांनी कचेऱ्यांमध्ये तक्रारवह्या उघडून ठेवल्या. क्रांतीच्या वर्षी, 1789 मध्ये, देशभर लिहिल्या गेलेल्या वह्यांचीच ती रीत होती. प्रीफेक्टच्या दारात दगड पडत असताना लोक मेअरच्या टेबलाशी बसून लिहीत होते. हा विश्वास संघानं कमावलेला नाही, रीजननं तर नाहीच.

खरी दुखरी नस पुढं आहे. पैसा आणि मोठी कामं संघाकडं गेली, पण संघाच्या सभेवर हजाराखालच्या गावातून प्रतिनिधी वेगळ्या मतदानानं जात नाही. बहुधा मेअरच पदसिद्ध जातो. म्हणजे लोक ज्याला ओळखतात त्याच्या हातात तिजोरी कमी आणि जिथं तिजोरी आहे ती सभा लोकांना ठाऊक नाही. मुख्य घरावरची निवासपट्टी 2023 पर्यंत पूर्ण रद्द झाली, त्यामुळं कम्यूनच्या हातातला एक करही गेला. 2020 च्या निवडणुकीत शंभराहून अधिक कम्यूनमध्ये एकही उमेदवार उभा राहिला नाही, त्याचं एक कारण हेही असणार. नुसती जबाबदारी घ्यायला कोण पुढं येईल?

सहीमागचा अधिकार काढून घेतला की काय होतं, याचं उदाहरण आपल्याकडंच आहे. 1880 मध्ये फ्रेंचांनी पुदुच्चेरी भागात कम्यून आणले. तिथल्या ग्रामीण संस्थांना आजही ‘कम्यून पंचायत’ म्हणतात. पण तिथं 2006 मध्ये स्थानिक निवडणुका झाल्या, त्या तब्बल 38 वर्षांनी. मधल्या काळात अधिकारी कामं करत होते, पाणी-रस्ते चालूच होते. तरी गावाला मत नव्हतं. कम्यून म्हणजे नाव आणि कचेरी असं मानलं की असं होतं.

म्हणून माझा निष्कर्ष असा. फ्रान्सनं कम्यून मोडू नयेत. संघाची सभा लोकांच्या थेट मतावर आणावी आणि तळाला थोडा तरी स्वतःचा पैसा ठेवावा. आपल्या गट ग्रामपंचायतींचा विचार करतानाही कसोटी हीच लावावी : टँकर कुणाचा हे नंतर पाहू, आधी निर्णयाखाली कुणाची सही आहे आणि ती करणाऱ्याला गावकरी पुढच्या निवडणुकीत घरी पाठवू शकतात का, ते बघू. यावर तुमचं काय म्हणणं आहे ते कळवा; विरोध असला तर सविस्तर कळवा.

तुमची पुतणी