बारडोलीच्या उसात गोल्फचा चेंडू

बारडोली म्हटलं की आपल्यापैकी बहुतेकांना शाळेतला इतिहासाचा धडा आठवतो. १९२८ साल, शेतसाऱ्यात केलेली २२ टक्क्यांची वाढ, वल्लभभाई पटेलांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांची साराबंदी आणि त्यातून वल्लभभाईंना मिळालेली ‘सरदार’ ही पदवी. पुढे चौकशी समितीने ही वाढ ६.०३ टक्के एवढीच योग्य ठरवली. खानदेशातल्या मंडळींना बारडोली आणखी एका कारणाने ठाऊक असते. सुरतेहून नंदुरबार, अमळनेर, जळगावकडे जाणाऱ्या गाडीतलं ते एक स्टेशन आहे. गाडी थांबते, कोणी चहा घेतो, गाडी सुटते. खाली उतरून गाव पाहणारे थोडेच.

मी उतरलो तो राहायलाच. घरून काम करायची मुभा मिळाली आणि सुरतेच्या गर्दीतून पस्तीसेक किलोमीटर पूर्वेला इथे बिऱ्हाड हलवलं. त्यामुळे आपल्या मासिकासाठी गावावर लिहा म्हटल्यावर स्वराज आश्रम, मिंढोळा नदी आणि साखर कारखाना एवढं लिहून मोकळं होता आलं असतं. पण या हिवाळ्यात बारडोली मला खऱ्या अर्थाने कळली ती एका वेगळ्याच गोष्टीमुळे: गोल्फच्या एका काठीमुळे.

गोल्फ आणि बारडोली? सांगतो.

गावाबाहेर कुठल्याही रस्त्याने निघा, दोन्ही बाजूंना ऊस. इथला सहकारी साखर कारखाना १९५०च्या दशकातला, देशातल्या मोठ्या कारखान्यांत गणला जाणारा. उसाच्या मधूनमधून भाताची वावरं आणि आंब्याची झाडं. आणि गावागावात प्रशस्त, रंगवलेले, पण वर्षातले आठ-नऊ महिने कुलूपबंद असलेले बंगले. हे परदेशी गेलेल्या पाटीदार कुटुंबांचे. या भागातले लोक कित्येक पिढ्यांपासून दक्षिण आफ्रिका, न्यूझीलंड, इंग्लंड आणि अमेरिकेला गेले. अमेरिकेतल्या मोटेलच्या धंद्याचं मूळही याच जिल्ह्यात सापडतं. सुरत जिल्ह्यातले कानजी मंछू देसाई यांनी १९४०च्या दशकात कॅलिफोर्नियात हॉटेल चालवायला घेतलं आणि मागून येणाऱ्या गाववाल्यांना हात दिला, म्हणून या धंद्यातली मंडळी त्यांना मूळपुरुष मानतात.

नोव्हेंबर उजाडला की ही कुलपं उघडतात. लग्नं, पोंक म्हणजे आपला हुरडा, उंधियू आणि गप्पा. आमच्या शेजारचे काका असेच दर हिवाळ्यात येतात. वय सत्तरीला टेकलेलं, चाळीस वर्षं मोटेल चालवून आता मुलाच्या हाती सोपवलेलं. त्यांच्या सामानात दरवर्षी एक लांबलचक पिशवी असते. तीत गोल्फच्या काठ्या.

काकांचं मैदान म्हणजे त्यांच्याच भावाचं वावर. भात कापून झाल्यावर रिकामी राहिलेली सुमारे दोनशे मीटर लांब आणि चाळीस मीटर रुंद पट्टी. शेवटी बांध आणि आंबे. डावीकडे ऊस, उजवीकडे ऊस, दोन्हीकडे दीड पुरुष उंच. सरळ गेलेला चेंडू सापडतो, वाकडा गेलेला उसात गडप. तिथे शोधायला कोणी जात नाही, सापांचं भय.

काठ्यांमधली सर्वांत लांब, पहिला दूरचा फटका मारायची ती ड्रायव्हर. काकांचा ड्रायव्हर जुना आणि त्यांचा फटका उजवीकडे वळणारा. दहातले तीन-चार चेंडू हमखास उजवीकडच्या उसात. पाच महिन्यांनी परत गेल्यावर नातवाबरोबर खेळायचं होतं. नातू पंधरा वर्षांचा, शाळेच्या संघातला. ‘‘तो मारतो नि मी शोधत बसतो, असं नको,’’ काका म्हणायचे. म्हणून नवा, लांब पल्ल्याचा ड्रायव्हर घ्यायचं त्यांच्या मनात होतं.

त्यातच एक दिवस वेगळंच घडलं. उजवीकडच्या फडात तोड सुरू झाली होती. आपल्या नंदुरबार-धुळ्याकडून आणि गुजरातच्या डांगमधून ऊसतोडीच्या टोळ्या इथे दर हंगामात येतात. फडाच्या कडेला कापड-प्लास्टिकच्या झोपड्या, चुली, लहान मुलं. काकांचा एक चेंडू नेहमीसारखा उजवीकडे वळला आणि झोपडीपासून दहा पावलांवर आदळला. कोणाला लागलं नाही. टोळीचा मुकादम चेंडू हातात घेऊन आला, भांडला नाही. फक्त म्हणाला, ‘‘काका, पोरं खेळतात तिथे.’’

गोल्फचा चेंडू जेमतेम ४६ ग्रॅमचा असतो, पण टणक. काकांच्या वयाच्या माणसाचा नीट बसलेला फटकासुद्धा त्याला ताशी १९० किलोमीटरच्या आसपास वेग देतो. काकांनी त्या संध्याकाळी ड्रायव्हर पिशवीत घातला आणि मला बोलावलं. ‘‘दीकरा, तू आकड्यांचा माणूस. मला सांग, कुठला घेऊ? लांब नाही गेला तरी चालेल, पण तिकडे जायला नको.’’

तेव्हापासून महिनाभर मी संध्याकाळी गोल्फचा अभ्यास केला.

पहिली गोष्ट समजली ती भूमितीची. दोनशे यार्डांवर एक अंशाची चूक म्हणजे साडेतीन यार्ड बाजूला. पाच अंशांची चूक म्हणजे साडेसतरा यार्ड. काकांचा चेंडू साधारण १८० यार्ड, म्हणजे १६५ मीटर जातो. पट्टीच्या मधोमध उभं राहिलं तर दोन्हीकडे वीस-वीस मीटर. हिशेब केला तर सात अंशांच्या आत राहायचं. आणि अंतर जितकं वाढेल तितका हा कोन अरुंद होत जाणार. लांब मारणाऱ्याला दिशा जास्त सांभाळावी लागते. जाहिरातीत फक्त अंतर असतं, हा कोन नसतो.

दुसरी गोष्ट अंतराची. काठीच्या डोक्याचा वेग ताशी ८० मैल असेल आणि चेंडू बरोबर मध्यावर लागला, तर चेंडूचा वेग त्याच्या जवळजवळ दीडपट, म्हणजे १२० मैल होतो. तोच कडेला लागला आणि पट १.३ वर आली, तर १०४. म्हणजे अंगातली ताकद तीच, काठी तीच, पण फटका मध्यावर न बसल्याने सोळा मैलांचा वेग वाया गेला. नव्या काठीने मिळणारा फायदा बहुतेक वेळा याहून कमी असतो. त्याचं कारण नियमांत आहे. अमेरिकेची यूएसजीए आणि स्कॉटलंडची आर अँड ए या दोन संस्था गोल्फचे नियम ठरवतात. ड्रायव्हरचं डोकं ४६० घनसेंटिमीटरपेक्षा मोठं नको, त्याच्या तोंडाची उसळी ठरावीक मर्यादेत हवी, लांबी ४८ इंचांच्या आत हवी, असं त्यांनी बांधून दिलं आहे. २०२२ पासून मोठ्या व्यावसायिक स्पर्धांत तर ४६ इंचांचीच मर्यादा लावतात. त्यामुळे नामांकित कंपन्यांच्या काठ्या बऱ्याच अंशी या मर्यादांना टेकलेल्या असतात. फरक उरतो तो कुठली काठी कुणाच्या हाताला बसते यात.

इथे मला आपला विटीदांडू आठवला. गुजरातीत त्याला मोई-दांडिया म्हणतात, आणि काका लहानपणी याच वावरात तो खेळलेले. दांडू कधी दुकानातून आणला होता का कुणी? बाभळीची फांदी बघायची, आपल्या हाताच्या मापाने तोडायची, मुठीत बसेल इतकी तासायची. मोठ्या भावाचा दांडू धाकट्याला जड जायचा. ऊसतोडीतही तेच पाहिलं. प्रत्येकाचा कोयता आपला, त्याची मूठ आपल्या हाताने बांधलेली. दुसऱ्याच्या कोयत्याने दिवसभर तोडणारा माणूस मला दिसला नाही. जे दांडूला आणि कोयत्याला लागू, ते ड्रायव्हरला का लागू नसेल?

माप कशाकशाचं घ्यायचं, ते थोडक्यात सांगतो. पहिलं लॉफ्ट, म्हणजे काठीचं तोंड आभाळाकडे किती कललेलं आहे. ड्रायव्हरमध्ये ते साधारण ८ ते १२ अंश असतं. वेगाने मारणाऱ्याला कमी चालतं. हळू मारणाऱ्याला जास्त लागतं, नाहीतर चेंडू उंची घेण्याआधीच खाली येतो. शिवाय लॉफ्ट जास्त असलं की चेंडूला मागच्या दिशेची फिरकी जास्त मिळते आणि बाजूला वळवणारी फिरकी त्या मानाने कमी जाणवते. दुसरं शाफ्ट, म्हणजे दांडा. तो कडक, मध्यम, नरम अशा प्रतींत येतो. हळू हाताला कडक दांडा दिला की चेंडूवर येईपर्यंत तोंड उघडंच राहण्याची शक्यता वाढते, आणि उजव्या हाताने खेळणाऱ्याचा फटका उजवीकडे पळतो. तिसरं लांबी. दुकानात मिळणाऱ्या ड्रायव्हरची लांबी बहुधा पंचेचाळीस इंचांच्या पुढे असते. लांब काठीने वेग थोडा वाढतो, पण मध्यावर लागण्याचं प्रमाण घटतं. चौथं डोक्यातल्या वजनाची मांडणी. वजन कडेला आणि मागे नेलेलं डोकं, फटका मध्यावर न बसला तरी कमी वळतं, म्हणून चूक पोटात घालतं. काही डोक्यांत वजन टाचेच्या बाजूला सरकवलेलं असतं, ते उजवीकडे वळणाऱ्यांना उपयोगी.

काकांचा जुना ड्रायव्हर ९ अंशांचा, कडक दांड्याचा निघाला. तिशीत, तगड्या हातांनी मारायची काठी ती. फटका नक्की कुठे बसतो ते पाहायला आम्ही तोंडावर टाल्कम पावडर लावली. प्रत्येक फटक्यानंतर पावडरीत गोल ठसा. बहुतेक ठसे टाचेकडे, म्हणजे दांड्याच्या बाजूला. टाचेकडे बसलेल्या फटक्याने चेंडूला उजवीकडे वळवणारी फिरकी मिळते. एका रुपयाच्या पावडरीने निम्मं निदान झालं. ही चाचणी आम्ही पट्टीच्या दुसऱ्या टोकाला, बांधाला जाळी टांगून केली.

मग सुरतेला एका बंदिस्त सराव केंद्रात गेलो. तिथे पडद्यावर मारायचं आणि यंत्र वेग, कोन, फिरकी सगळं मोजतं. माझी अट एकच होती: प्रत्येक काठीने दहा फटके, आणि सर्वांत लांब गेलेला फटका मोजायचा नाही. सर्वांना तोच दाखवायची हौस असते, पण तो दहात एकदा येतो. दहा फटक्यांची सरासरी आणि त्यांची डावी-उजवी पसरण, हे दोनच आकडे मी वहीत लिहिले. कामाच्या ठिकाणी आम्ही एखादी प्रणाली तपासतो तेव्हाही तिचा सर्वांत चांगला दिवस पाहत नाही.

काकांना आवडलेली काठी लांब, झगमगीत आणि सर्वांत महाग होती. तिचा एक फटका खरंच सगळ्यांत लांब गेला. पण पसरणही तिचीच सर्वांत मोठी. १२ अंशांची, हलक्या नरम दांड्याची, इंचभर आखूड केलेली काठी सरासरीत तिच्या पुढे होती, आणि दहापैकी नऊ फटके आमच्या वावराच्या रुंदीत मावले. ती गेल्या वर्षीची होती, म्हणून स्वस्तही. काका वहीकडे बराच वेळ बघत राहिले. ‘‘म्हणजे माझं वय मान्य करायचं,’’ ते म्हणाले. मी म्हटलं, ‘‘काका, वय नाही, माप.’’

गुजरातमध्ये गोल्फ म्हटलं की आपल्या मराठी माणसाला बडोदा आठवतं. गायकवाडांच्या लक्ष्मी विलास राजवाड्याच्या आवारात १९३०च्या दशकात प्रतापसिंहरावांनी युरोपीय पाहुण्यांसाठी गोल्फचं मैदान आखलं. १९९०च्या दशकात समरजितसिंह गायकवाडांनी ते नव्याने घडवून लोकांसाठी खुलं केलं. त्याच १९३०च्या सुमारास बारडोलीचे शेतकरी सविनय कायदेभंगात सारा न भरता घरदार सोडून शेजारच्या गायकवाडी हद्दीतल्या गावांत आसऱ्याला गेले होते. तेव्हा राजवाड्याच्या पाहुण्यांचा असलेला खेळ आज त्यांच्याच नातवंडांच्या पिशवीतून या वावरात आला आहे. आणि पाहुण्यांना जो प्रश्न पडायचं कारण नव्हतं, तो इथे पडतो: चेंडू जिथे पडेल तिथे कोण आहे?

म्हणून नव्या काठीबरोबर काकांनी एक नियमही केला. शेजारच्या फडात तोड चालू असेल तोवर ड्रायव्हर काढायचा नाही, फक्त जाळीत मारायचं. दहातला तो एक फटका उरतोच, आणि तो कुठे जाईल हे कुठलाही ड्रायव्हर सांगत नाही. फेब्रुवारीत टोळी पुढच्या गावाला गेली, तेव्हा पट्टीच्या मधोमध उभे राहून काकांनी दहा चेंडू मारले. नऊ सापडले. मुकादमाने जाताना उसात सापडलेले सतरा चेंडू पिशवीत भरून काकूंकडे देऊन ठेवले होते.

कोणाला बारडोली पाहायची असेल तर डिसेंबर-जानेवारीत या. सकाळी स्वराज आश्रम पाहा, दुपारी पात्रा, म्हणजे आपली अळूवडी, खा आणि संध्याकाळी उसातल्या रस्त्याने चालत निघा. बैलगाड्या आणि ट्रॅक्टर कारखान्याकडे जात असतात, वाऱ्यावर गुळमट वास असतो. टोळीतल्या माणसांशी दोन शब्द अहिराणीत किंवा मराठीत बोला, चेहरे खुलतात. आणि गोल्फची काठी घ्यायचा विचार असेल, तर आधी पावडरीचा डबा घ्या.