राजीनाम्यापूर्वीचा हिशेब

बेळगावकडील आमच्या घरांत लक्ष्मणराव किर्लोस्करांची कथा मोठ्या अभिमानाने सांगितली जाते, परंतु ती बहुधा अर्धीच. गुर्लहोसूर येथे १८६९ साली जन्मलेले लक्ष्मणराव मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक होते. बढतीच्या वेळी त्यांस डावलून एका अँग्लो-इंडियन गृहस्थास जागा देण्यात आली, आणि त्या स्वाभिमानी पुरुषाने नोकरीवर पाणी सोडले. ऐकणाऱ्या तरुणाचे रक्त सळसळते. पण नोकरी सोडण्यापूर्वीच, १८८८ साली, बेळगावात ‘किर्लोस्कर बंधूं’चे दुकान निघाले होते. लक्ष्मणरावांनी मुंबईहून सायकली धाडाव्यात व वडील बंधू रामुअण्णांनी त्या बेळगावात विकाव्यात, असा तो क्रम होता. लक्ष्मणराव परतले ते पाय ठेवण्यास जागा असलेल्या ठिकाणी.

पुढे कडबा कापण्याचे यंत्र निघाले, मग लोखंडी नांगर. लोखंडाने जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत असल्याने पहिले नांगर बराच काळ पडूनच राहिले. अशा वेळी दुसरे काही हाताशी नसते, तर बंधूंच्या धैर्याचे काय झाले असते, हा प्रश्न आमच्या मनात नेहमी येतो. १९१० मध्ये नगरपालिकेने जागा सोडावयास लावली, हे मात्र कोणाच्याही हिशेबात नव्हते. औंधच्या राजेसाहेबांनी निवडुंगाने भरलेले माळरान दिले म्हणून किर्लोस्करवाडी वसली.

हे सारे आठवण्यास कारण घडले. आमच्या एका भाच्याने गतवर्षी बेळगावातील बँकेची कायमची नोकरी सोडून उद्यमबागेत एका मित्रासमवेत लेथचे वर्कशॉप काढण्याचा मनोदय प्रकट केला, आणि निपाणीस आमच्या भगिनीच्या घरी दोन दिवस कोणी नीट जेवले नाही. आमची मंडळी पिढ्यान् पिढ्या लेखणीवर जगलेली. कोणी कचेरीत, कोणी शाळेत, कोणी तंबाखूच्या वखारीत हिशेबनीस. एक तारखेचा पगार हेच आमचे शेत. शिवाय सीमाभागात सुटलेली जागा पुन्हा मिळणे कठीण. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हा मुलूख म्हैसूर राज्यात गेल्यापासून मराठी शाळेतून आलेल्या मुलास इकडे कन्नडची अट आडवी येते, आणि तिकडे कोल्हापुरास गेल्यास दाखल्यांसाठी हेलपाटे.

भगिनीने गोव्यास जाऊन कुलदेवतेस कौल लावण्याचे ठरविले. यास आमची हरकत नव्हती. देवीच्या अंगावर लावलेली कळी उजवीकडून पडते की डावीकडून, इकडे श्वास रोखून पाहणारे आमचे वडीलधारे आम्हांस आठवतात. परंतु तेच वडीलधारे अर्धवट प्रश्न देवीपुढे नेत नसत. सोयरिकीचा कौल लावण्याआधी ते स्थळ पाहून येत, जमिनीचा लावण्याआधी उतारा तपासून घेत. भाच्याचा प्रश्न मात्र ‘जाऊ की नको’ एवढाच. आमचे मेहुणे मूळचे काणकोणचे. ते सहसा बोलत नाहीत; त्या दिवशी एवढेच म्हणाले, “देवी कौल दितली, पूण हिशोब कोण करतलो?”

भाचा प्रथम रुसला. मग मात्र रोज बँक सुटल्यावर मित्राच्या शेडमध्ये जाऊन बसू लागला. चार महिन्यांत त्यास जे कळले, ते कोणत्याही पुस्तकात त्याने वाचले नसते. काम पुष्कळ मिळते. पैसा मात्र तीन तीन महिन्यांनी येतो, आणि कामगाराचा पगार व विजेचे बिल तोवर थांबत नाही. म्हणजे यंत्राच्या किमतीखेरीज एका तिमाहीचा सारा खर्च गाठीस हवा. तेवढी रक्कम त्याच्यापाशी आजमितीस निम्मीच आहे. तो म्हणतो, आणखी दीड वर्ष. मित्र म्हणतो, तोवर दुसरा भागीदार मिळेल. दोघांचेही खरे आहे, आणि अडचण आहे ती इथेच.

कौल अद्याप लावलेला नाही. देवीपुढे मांडावयाचा प्रश्न भगिनीने आता एका कागदावर लिहून ठेवला आहे. तो वाढत वाढत चार ओळींचा झाला. तिसरी ओळ सूनबाईने घातली आहे: बिले थकली, तर मुलांची फी कशातून भरावयाची?