बुधवारचा पास्ता

बाबा गेल्यापासून आईने मासे आणणंच बंद केलं. 'एकटीसाठी कोण करत बसणार?' म्हणून आता दर बुधवारी ऑफिसची कामं उरकून मी अंधेरीहून बोरिवली लोकल पकडते. स्टेशनबाहेर अर्धा किलो कोळंबी घेते. ती आई सोलते, मी पास्ता उकळत टाकते. तेलात ठेचलेला लसूण, टोमॅटो, चमचाभर मालवणी मसाला. कोळंबी शेवटी, फक्त ३ मिनिटं, नाहीतर रबर! इटलीत झणझणीत टोमॅटो सॉसला 'अराब्बियाता' म्हणतात, म्हणजे रागावलेली. २० मिनिटांत डिनर रेडी.

पहिल्या बुधवारी आई एवढंच म्हणाली, 'ह्यात आगळ हवं होतं.'

काल दुपारीच तिचा फोन आला. 'कोळंबी मीच आणून ठेवलीय. तू फक्त वेळेवर ये.'