न मोजलेला विक्रम

बेसबॉलमध्यें एकाच फटक्यासरशीं चारही ठाण्यांची फेरी पुरी करणें म्हणजे ‘होम रन’. त्याचें नांव निघतांच विद्यार्थ्यांना बेब रूथ आठवतो. मला मात्र त्याच्याआधींचा रॉजर कॉनर आठवतो.

अमेरिकेंतील वॉटरबरी गांवीं १८५७ सालीं जन्मलेला हा धिप्पाड खेळाडू १८८० पासून १८९७ पर्यंत अव्वल दर्जाचे व्यावसायिक सामने खेळला; त्यांतील बराच काळ न्यूयॉर्क येथें. त्या काळीं एकच चेंडू मार खाऊन मऊ होईपर्यंत वापरीत. अशाहि चेंडूवर त्यानें १३८ होम रन केले. १९२१ सालीं रूथनें हा आंकडा ओलांडला, तेव्हां कॉनर हयात होता. परंतु विक्रम मोडल्याची फारशी वार्ताहि झाली नाहीं. सामन्यांचे आंकडे छापून आले होते; त्यांची बेरीज करण्याची चाल तेवढी नव्हती.

१९३१ सालीं तो वारला. त्याच्या कबरेवर नांवाचा दगड नव्हता. १९७६ सालीं बेसबॉलच्या कीर्तिमंदिरांत त्याची निवड झाली आणि २००१ सालीं कबरेवर शिळा बसली.

वर्षअखेर प्रगतिपुस्तकांत गुण भरतांना हा मनुष्य माझ्या मनांत येतो. कोणत्या मुलाचे श्रम आमच्या रकान्यांत बसले नाहींत, हें पाहण्यासाठीं मी लेखणी क्षणभर थांबवितों.